फॅशन मासिकाचं पहिलं मुखपृष्ठ: वाचक ठरवण्यापासून प्रूफवर सही करेपर्यंत

डिझाइनच्या किंवा मास मीडियाच्या अभ्यासक्रमात ‘फॅशन मासिकाचं मुखपृष्ठ करून आणा’ हे काम हमखास मिळतं. छोट्या मासिकात नव्याने रुजू झालेल्यांवरही ते कधी ना कधी येतंच. बहुतेक जण आधी देखणा फोटो शोधतात, मग त्यावर बारीक-जाड रेघांचा टाइप टाकतात आणि शेवटी उरलेल्या जागेत मजकूर बसवतात. असं मुखपृष्ठ दिसतं बरं, पण ते कोणासाठी केलंय ते कळत नाही. मासिकांच्या कला विभागात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: मुखपृष्ठावरचा प्रत्येक निर्णय वाचक कोण आणि तो अंक कुठे पाहणार, या दोन प्रश्नांतून निघायला हवा. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

सुरुवातीला जवळ काय हवं

- एकाच मासिकाचे वेगवेगळ्या महिन्यांचे चार-पाच छापील अंक (रद्दीच्या दुकानात स्वस्तात मिळतात)
- ट्रेसिंग पेपर, पेन्सिल, फूटपट्टी
- पानं लावण्याचं सॉफ्टवेअर: इनडिझाइन, अफिनिटी किंवा फुकट मिळणारं स्क्रायबस
- मोठ्या रिझोल्यूशनचे उभे फोटो
- वापरायचा परवाना असलेले फॉन्ट
- छापखान्याकडून आलेली मापं: तयार पानाचा आकार, ब्लीड (पान कापताना पांढरी कड राहू नये म्हणून कडेबाहेर वाढवलेला भाग), कण्याची म्हणजे अंकाच्या बांधणीच्या बाजूची जाडी

फोटोशॉपमध्येच अख्खं मुखपृष्ठ करू नका. त्यातून जेपीईजीसारखी फाइल काढली की अक्षरंही फोटोसारखी पिक्सेलमध्ये जातात आणि छापताना कडा मऊ पडण्याची भीती असते. फोटोचं काम तिथे करा, अक्षरं पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवा.

## १. वाचक एका वाक्यात लिहून काढा

‘१८ ते ३५ वयोगटातील शहरी महिला’ हे वाक्य जाहिरात विभागाच्या उपयोगाचं. तुम्हाला एक माणूस दिसला पाहिजे. ती काय घालते, काय घालावंसं वाटतं पण घालत नाही, अंक कोणासमोर उघडते, कशाला पैसे द्यायला तयार असते, हे लिहा.

याचं सर्वांत उपयोगी उदाहरण म्हणजे अमेरिकन ‘व्होग’चा नोव्हेंबर १९८८चा अंक. ॲना विंटूर यांनी संपादक झाल्यावर काढलेलं हे पहिलं मुखपृष्ठ. त्याआधीची अनेक वर्षं त्या मासिकावर स्टुडिओत काढलेला, नीट मेकअप केलेला, जवळून घेतलेला चेहरा असायचा. या अंकावर मिकाएला बर्कू ही मॉडेल रस्त्यावर उभी आहे, केस वाऱ्याने विस्कटलेत, डोळे अर्धे मिटलेत, ती हसतेय आणि कॅमेऱ्याकडे तिचं लक्षही नाही. अंगात फ्रेंच डिझायनर ख्रिश्चन लाक्र्वाचं रत्नजडित क्रॉस असलेलं महागडं जॅकेट आणि खाली धुवट रंगाची साधी जीन्स. मूळ जोडीतला स्कर्ट तिला बसला नाही म्हणून जीन्स आली. पीटर लिंडबर्ग यांनी काढलेला हा फोटो छापखान्यात पोहोचल्यावर ‘हेच मुखपृष्ठ आहे ना, काही चूक तर नाही?’ असं विचारणारा फोन आला होता, ही आठवण विंटूर यांनी स्वतः सांगितली आहे.

जीन्स योगायोगाने आली असली तरी तो फोटो मुखपृष्ठासाठी निवडणं हा निर्णय होता. महागडी वस्तू रोजच्या कपड्यांबरोबर घालणारी बाई त्यांना वाचक म्हणून दिसत होती. ती बाई डोळ्यांसमोर नसती तर तो फोटो आतल्या पानांतच राहिला असता.

आता याच्या अगदी दुसऱ्या टोकाला लंडनचं ‘आय-डी’ पाहा. टेरी जोन्स यांनी ते १९८० मध्ये सुरू केलं. त्याआधी ते ब्रिटिश ‘व्होग’चे कला दिग्दर्शक होते, म्हणजे चकचकीत मुखपृष्ठ कसं करतात हे त्यांना पुरेपूर माहीत होतं. तरीही नव्या मासिकासाठी त्यांनी स्टेपल केलेली, हाताने जुळवल्यासारखी दिसणारी पानं निवडली, कारण त्यांचा वाचक रस्त्यावरची फॅशन स्वतः घडवणारा तरुण होता. मासिकाचं नाव आडवं फिरवलं की डोळा मिचकावणारा हसरा चेहरा दिसतो, आणि मुखपृष्ठावरची व्यक्तीही एक डोळा मिटते किंवा झाकते. कोणीही प्रसिद्ध माणूस आला तरी त्याला ही खूण करावीच लागते. तुमच्या मासिकालाही अशी एखादी कायमची खूण देता येईल का, याचा विचार याच टप्प्यावर करा. नंतर ती चिकटवल्यासारखी दिसते.

## २. अंक कुठे दिसणार ते ठरवा

स्टॉलवर अंक एकटा कधीच नसतो. पाश्चात्त्य दुकानांत मासिकं एकावर एक सरकवून मांडतात, तेव्हा डावीकडचा साधारण एक तृतीयांश भागच दिसतो. म्हणून आतल्या लेखांकडे ओढणाऱ्या महत्त्वाच्या ओळी (कव्हर लाइन्स) डावीकडे ठेवायची पद्धत पडली. आपल्याकडे फुटपाथवरच्या किंवा स्टेशनवरच्या स्टॉलवर अंक बऱ्याचदा पायऱ्यांसारखे मांडलेले असतात आणि फक्त वरची पट्टी नजरेस पडते. तिथे डावीकडची कितीही सुंदर ओळ कामाची नाही. नाव आणि डोळे वरच्या भागातच हवेत. जवळच्या स्टॉलवर जाऊन उभं राहा आणि कोणता भाग झाकला जातो ते पाहून घ्या.

वर्गणीदाराच्या घरी जाणाऱ्या अंकाला ही स्पर्धा नसते. अमेरिकन ‘हार्पर्स बझार’ने कित्येक वर्षं वर्गणीदारांसाठी वेगळं, जवळपास मजकूर नसलेलं मुखपृष्ठ छापलं. पैसे आधीच दिलेल्या वाचकाला ओरडून बोलवावं लागत नाही.

तिसरी जागा म्हणजे मोबाइल. मुखपृष्ठ दोन सेंटिमीटर रुंदीचं करून पाहा. तेवढ्या आकारात चेहरा आणि नाव ओळखू आलं तर ठीक. बाकीच्या ओळी वाचता येणार नाहीत, आणि त्यासाठी त्या फुगवायचीही गरज नाही.

## ३. जुनी मुखपृष्ठं ट्रेस करा

हा टप्पा गाळण्याचा मोह होतो. गाळू नका. ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त चार गोष्टी काढा: डोळ्यांची रेषा, डोक्याचा वरचा बिंदू, अक्षरांचे ठोकळे आणि मोकळी जागा. एकाच मासिकाचे चार अंक असे काढले की कोणत्या गोष्टी दर महिन्याला जागच्या जागी राहतात आणि कोणत्या हलतात ते कागदावर दिसतं.

ही तीन मुखपृष्ठं इंटरनेटवर शोधून त्यांच्यावरही हाच प्रयोग करा.

पहिलं, ‘व्होग’, जानेवारी १९५०. एर्विन ब्लूमेनफेल्ड यांच्या फोटोत जीन पॅचेटच्या चेहऱ्यातलं सगळं पुसून फक्त एक डोळा, भुवई, ओठ आणि तीळ एवढंच ठेवलंय. नाक नाही, गालाची कड नाही. तरी चेहरा पुरा दिसतो, कारण उरलेलं वाचकाची नजर भरून काढते. कमी करणं म्हणजे काय, हे शिकायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

दुसरं, ‘हार्पर्स बझार’, एप्रिल १९६५. रिचर्ड ॲव्हेडन यांनी जीन श्रिम्प्टनचा फोटो काढला होता, पण डोक्यावरची हॅट मुखपृष्ठावर जमेना. कला दिग्दर्शक रूथ ॲन्सेल यांनी झगझगीत गुलाबी कागदातून अंतराळवीराच्या शिरस्त्राणासारखा आकार कापून चेहऱ्याभोवती बसवला. काही प्रतींवर डोळ्याच्या जागी अशी चकती लावली होती की अंक हलवला की डोळा मिचकावायचा. न जमलेला फोटो डिझाइनने असा सावरता येतो. मात्र त्यासाठी कात्री आणि रंगीत कागद हाताशी असावेत. स्क्रीनवर हे सुचायला जास्त वेळ लागतो, असा माझा अनुभव आहे.

तिसरं, ‘हार्पर्स बझार’, सप्टेंबर १९९२. त्याबद्दल पाचव्या टप्प्यात.

## ४. फोटो: नजर, क्रॉप आणि डोक्यावरची जागा

‘व्होग’च्या मुखपृष्ठावर पहिला रंगीत फोटो आला जुलै १९३२ मध्ये. एडवर्ड स्टायकेन यांनी काढलेला, पोहण्याच्या पोशाखात चेंडू उंच धरून बसलेल्या तरुणीचा. त्याआधी तिथे चित्रंच असायची. तुमच्याकडे फोटोग्राफरचं बजेट नसेल तर चित्र हा पर्याय खुला आहे. दीनानाथ दलालांची ‘दीपावली’ची मुखपृष्ठं पाहिलेल्या मराठी वाचकाला तर हे पटवून द्यायला नकोच. आणि जानेवारी २०२० मध्ये ‘व्होग इटालिया’ने पर्यावरणाचा विचार करून एकही फोटोशूट न करता अंक काढला आणि मुखपृष्ठांवर चित्रं छापली.

फोटो असेल तर शूटच्या दिवशी या गोष्टी सांभाळा.

नजर. थेट कॅमेऱ्यात पाहणारे डोळे स्टॉलवरून चालणाऱ्याला थांबवतात. दुसरीकडे पाहणारी नजर वाचकाला बघ्याच्या जागी ठेवते, त्यामुळे कपडे आणि वातावरण पुढे येतात. दोन्ही प्रकारचे फोटो काढून घ्या. निवड नंतर होऊ शकते, शूट पुन्हा होत नाही.

डोक्यावरची जागा. नवख्यांचं काम सर्वांत जास्त इथेच अडतं. फोटोग्राफर चौकट भरून काढतो, कारण त्याला ती तशीच छान दिसते. मग मासिकाचं नाव कपाळावर येतं. शूटवर जाताना मुखपृष्ठाच्या आकाराचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद न्या, त्यावर नाव आणि ओळींच्या जागा मार्करने काढा आणि तो कॅमेऱ्याला जोडलेल्या स्क्रीनवर धरून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

मागची बाजू. ओळी जिथे येणार तिथे पार्श्वभूमी एकसारखी हवी. झाडाची पानं, जाळी, फुलांचा पडदा यांवर अक्षर टिकत नाही. मग सावल्या आणि पट्ट्या घालून ते वाचवावं लागतं आणि सगळं गढूळ दिसतं. राखाडी कागदाचा साधा रोल लावलेली पार्श्वभूमी कंटाळवाणी वाटली तरी अक्षरांना तिच्याइतकी साथ कोणी देत नाही.

कोण मधोमध? ‘व्होग इंडिया’चा पहिला अंक २००७ मध्ये आला. उलगडणाऱ्या मुखपृष्ठावर सहा जणी होत्या, आणि बंद अंकावर दिसणाऱ्या तिघींमध्ये बिपाशा बासू आणि प्रियांका चोप्रा यांच्या मध्ये ऑस्ट्रेलियन मॉडेल जेम्मा वॉर्ड होती. परदेशी नावाची ओळख टिकवायची आणि भारतीय वाचकालाही आपलं म्हणायचं, असा दुहेरी प्रयत्न त्यात दिसतो. मला तो क्रम तेव्हाही खटकला होता, आजही खटकतो. भारतीय बाईला उद्देशून निघालेल्या पहिल्या अंकावर मधली जागा तिचीच असायला हवी होती. मुखपृष्ठावरची मधली जागा हा मानाचा प्रश्न आहे आणि वाचकाला तो न सांगता कळतो.

फेब्रुवारी २०२१च्या अमेरिकन ‘व्होग’च्या वेळीही असाच मानाचा प्रश्न आला. कमला हॅरिस यांचे दोन फोटो होते. निळसर सूटमधला औपचारिक आणि गुलाबी-हिरव्या कापडासमोर कॅनव्हासचे बूट घातलेला मोकळाढाकळा. छापील अंकावर दुसरा आला आणि अनेकांना तो नव्या उपाध्यक्षांच्या पदाला कमीपणा आणणारा वाटला. फोटोग्राफर तेच, टायलर मिचेल, व्यक्ती तीच. बदलला तो वाचकाला वाटणारा आदर. म्हणून शेवटचे दोन फोटो मासिकाबाहेरच्या चार माणसांना दाखवा आणि ‘ही कोण वाटते?’ एवढंच विचारा. ‘कोणता आवडला?’ असं विचारू नका, त्या उत्तराचा काही उपयोग होत नाही.

## ५. मासिकाचं नाव आणि त्याचं अक्षर

फॅशनच्या मुखपृष्ठांवर दिसणारं ते जाड खांब आणि केसाइतक्या बारीक रेघांचं अक्षर फ्रान्सच्या दिदो आणि इटलीच्या बोदोनी यांच्या अठराव्या शतकाच्या अखेरच्या टाइपांमधून आलंय. मासिकांच्या जगात त्याला मान मिळवून देण्यात ‘हार्पर्स बझार’चे अलेक्सी ब्रोडोविच यांचा मोठा वाटा. १९३४ ते १९५८ ते तिथे कला दिग्दर्शक होते. भरपूर पांढरी जागा, धिटाईने क्रॉप केलेले फोटो आणि दिदो अक्षर ही त्यांची शैली आजही जिवंत आहे.

१९९२ मध्ये लिझ टिल्बेरिस संपादक झाल्या आणि फॅबियन बॅरन यांनी त्या मासिकाचं रूप पुन्हा बांधलं. त्यांच्या पहिल्या, सप्टेंबरच्या अंकावर पॅट्रिक डेमार्शेलिए यांच्या फोटोत लिंडा इव्हँजेलिस्टाने हात वर केलाय आणि नावातलं एक ‘ए’ अक्षर जागेवरून घसरून तिच्या हाताशी आलंय. सोबत फक्त एक ओळ, शालीनतेचं युग सुरू होत असल्याची. बाकी मोकळी पांढरी जागा. नाव इतकं परिचयाचं होतं की एक अक्षर हललं तरी वाचक चुकणार नव्हता. तुमच्या मासिकाचा तिसराच अंक असेल तर हा खेळ करू नका.

या टाइपची अडचण छपाईत येते. टाइप डिझायनर जोनाथन होफ्लर यांनी ‘बझार’साठी दिदोचं जे कुटुंब तयार केलं, त्यात वेगवेगळ्या आकारांसाठी सात वेगवेगळे कट (घडणी) आहेत, म्हणजे अक्षर लहान-मोठं झालं तरी रेघ बारीकच राहते आणि तुटत नाही. आपण फुकटचा एकच फॉन्ट ताणून लहान ओळींना वापरतो. त्यात गडद फोटोवर पांढरी अक्षरं काढली की छपाईच्या चार रंगांपैकी एकही किंचित सरकला तर बारीक रेघेत शाई भरते आणि अक्षर तुटकं दिसतं. हे अक्षर फक्त मोठ्या आकारात वापरा, लहान ओळींसाठी सरळ, एकसारख्या जाडीचं अक्षर घ्या.

देवनागरीत मासिकाचं नाव असेल तर दोन गोष्टी वेगळ्या होतात. इंग्रजी नावातली मधली दोन अक्षरं डोक्यामागे गेली तरी नाव ओळखता येतं. देवनागरीत डोकं नेमकं वेलांटी किंवा मात्रेवर आलं तर नावच बदलतं. तेव्हा डोकं पुढे आणायचं असेल तर ज्या अक्षराला वर काही नाही, तिथेच आणा. दुसरं, शिरोरेघेची सलग आडवी पट्टी फोटोला वरून छेदते. ती केसांच्या गडद भागावरून गेली तर शोभते, कपाळावरून गेली तर जखमेसारखी दिसते. जाड-बारीक घाटाचं देवनागरी हवं असेल तर इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘रोझा वन’ मोफत मिळतो. लहान ओळींसाठी मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ घ्या.

## ६. कव्हर लाइन्स

एक मोठी, तीन-चार मध्यम, एखादी बारीक. यापेक्षा जास्त ओळी घातल्या तर त्यांत चढउतार ठेवा, नाहीतर सगळ्या सारख्याच आवाजात बोलतात.

या कलेचा अभ्यास करायचा तर ‘कॉस्मोपॉलिटन’चे जुने अंक पाहा. हेलन गर्ली ब्राऊन १९६५ मध्ये संपादक झाल्या आणि नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या तरुणीशी त्यांनी मैत्रिणीच्या सुरात बोलायला सुरुवात केली. मुखपृष्ठावरच्या ओळी लिहायला त्यांचे पती, चित्रपट निर्माते डेव्हिड ब्राऊन मदत करत. ओळी वाचताच समोरून कोणीतरी बोलतंय असं वाटतं.

मराठीत ओळ लिहिताना क्रियापद आणा. ‘उन्हाळी फॅशनचे विविध प्रकार’ ही ओळ कोणालाच उद्देशून नाही. ‘लिननची साडी इस्त्रीशिवाय कशी नेसाल’ ही आहे. आत जे नाही ते बाहेर लिहू नका. वाचक एकदाच फसतो.

आणि एक विनंती. पोट, वजन, रंग यांची भीती घालणाऱ्या ओळी लिहायला सांगितलं तर नकार द्या, निदान दुसरी ओळ सुचवा. ‘विमेन्स हेल्थ’च्या अमेरिकन आवृत्तीने २०१६ पासून ‘बिकिनी बॉडी’सारखे शब्द मुखपृष्ठावरून काढून टाकले. हे करता येतं. मुलींनी स्टॉलसमोर उभं राहून स्वतःची लाज वाटून घ्यावी, असं कोणतंही डिझाइन मला चांगलं वाटत नाही.

## ७. रंग

फोटोतूनच दोन रंग उचला, एक कपड्यातला आणि एक पार्श्वभूमीतला. तिसरा रंग काळा किंवा पांढरा. मागच्या महिन्याचा अंक शेजारी ठेवून पाहा: दोन्हींचा रंग सारखा असेल तर नेहमीच्या वाचकाला नवा अंक आल्याचं कळणार नाही.

## ८. परवानग्या आणि कागदपत्रं

वर्गातल्या कामासाठी स्वतःचं मासिकाचं नाव तयार करा. प्रसिद्ध मासिकांची नावं नोंदणीकृत ट्रेडमार्क आहेत. खरा अंक छापणार असाल तर एवढं जवळ हवं:

- मॉडेलची लेखी संमती, मुखपृष्ठाचा स्पष्ट उल्लेख असलेली
- फोटोग्राफरशी करार (छापील, डिजिटल आणि जाहिरातीतला वापर वेगवेगळा लिहा)
- फॉन्टचा व्यावसायिक परवाना
- प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे मासिकाच्या नावाची नोंदणी. पूर्वी हे कार्यालय आरएनआय (रजिस्ट्रार ऑफ न्यूजपेपर्स फॉर इंडिया) म्हणून ओळखलं जायचं. २०२३चा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू झाला आहे
- आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख) क्रमांक आणि त्यावरून केलेला बारकोड, जो ९७७ ने सुरू होतो

## ९. छपाईची फाइल

चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड. अक्षरं आणि चेहऱ्याचे महत्त्वाचे भाग कडेपासून किमान ६ मिलिमीटर आत. कण्याला गोंद लावून बांधणी असेल तर डावीकडे दुमड पडते, तिथे ओळीचं पहिलं अक्षर येऊ देऊ नका. फोटो ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके), सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत. लहान काळी अक्षरं फक्त काळ्या शाईत, चारही रंग मिसळून नकोत.

बारकोड पांढऱ्या चौकटीत, काळा, मूळ मापाच्या ८० टक्क्यांहून लहान नको, म्हणजे साधारण ३० × २१ मिलिमीटर. त्याची जागा ग्रिड (पानावरच्या जागांची चौकट) आखतानाच राखून ठेवा. अगदी शेवटी टाकायला गेलात तर तो हमखास कपड्याच्या सगळ्यात सुंदर भागावर येऊन बसतो.

सोनेरी फॉइल किंवा नावावर चमकदार थर हवा असेल तर त्याची वेगळी प्लेट लागते आणि खर्च वाढतो. छापखान्याशी आधीच बोला.

प्रूफ (छपाईआधी तपासायचा नमुना) स्क्रीनवर पाहून मंजूर करू नका. अंकासाठी ठरलेल्या कागदावरच छापील प्रूफ मागवा, खऱ्या आकारात कापा, जुन्या अंकावर गुंडाळा आणि ओळखीच्या स्टॉलवाल्याला विचारून दहा मिनिटं इतर मासिकांमध्ये ठेवा. रस्त्याच्या पलीकडून पाहा. त्वचेचा रंग लालसर किंवा हिरवट झालाय का, नावातली बारीक रेघ तुटलीय का, महिना आणि किंमत बरोबर आहे का, हे सगळं जवळ येऊन तपासा आणि मगच सही करा.